पेनाचं भोक वाकडं गेलं, मुसळ केरात जायच्या आधी वाचवायचंय

खटपट्या | शनिवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. लाकडी पेनांच्या नादाला लागून सहा महिने झाले. आतापर्यंत टाकाऊ सागवानावर हात मारत होतो, तेव्हा एखादं बिघडलं तर शेकोटीत. आज मात्र जीव टांगणीला लागलाय.

आजीचं मुसळ होतं, सिन्नरजवळच्या घरातलं. घर उतरवलं तेव्हा उखळ शेजाऱ्यांनी नेलं आणि मुसळ माझ्याकडे आलं. खालचं लोखंडी कडं गंजून निघालेलं, एक टोक भुंग्याने पोखरलेलं, मधे मूठ धरून धरून बारीक झालेलं. मोठा मामा म्हणतो खैराचं, धाकटा म्हणतो बाभळीचं. त्यावरून दोघं एकदा आठवडाभर बोलत नव्हते. म्हटलं आजीच्या चार लेकरांना, म्हणजे आई, मावशी आणि दोन्ही मामांना, दिवाळीला याचं एकेक पेन द्यावं.

भेगा आणि गाभा टाळून धड असे पाचच तुकडे निघाले. १९ मिमी चौरस, १२५ लांब. किट साधं स्लिमलाइन, ७ मिमीच्या दोन पितळी नळ्यांचं. तुकडा मधोमध कापायचा, दोन्ही अर्ध्यांना भोक पाडायचं, नळ्या चिकटवायच्या आणि लेथवर चढवायचं. एवढं मला येतं असा समज होता.

पहिल्या तुकड्याच्या एका अर्ध्याचं भोक बरोबर मध्यावर सुरू झालं आणि शेवटच्या ८-९ मिमीत कुशीतून बाहेर आलं. बिट दिसतंय चक्क. दुसऱ्याचं भोक सरळ गेलं, पण बिट पार होताना खालच्या तोंडाच्या तीन ढलप्या उडाल्या. तिसऱ्याचं भोक सुंदर झालं, म्हणून खुशीत झटपट गोंदाचे चार थेंब टाकून नळी सारली, तर ती अर्ध्यात जाऊन बसली. ५३ मिमीची नळी, ३१ आत, २२ बाहेर. पक्कडीनेही हलत नाही.

प्रत्येकाचा दुसरा अर्धा ठीक आहे. अजून दोन तुकडे कोरे आहेत, पण त्यांना हात लावायची हिंमत होत नाही. यातलं काय वाचेल?

भुसाभाऊ | शनिवार, रात्री ११:०४

मुसळ केरात जाताना आजवर फक्त ऐकलं होतं.

वाकडीवाट | शनिवार, रात्री ११:१५

दहा रुपयांना पेन मिळतं हो. रिफिलसकट.

टूलरूम | रविवार, सकाळी ६:२०

खटपट्या, आधी एक करा. आज कशालाही भोक पाडू नका आणि काहीही टाकू नका. टाकलं असेल तर केरातून परत आणा.

मी चिंचवडला तीस वर्षं टूलरूममध्ये काढली, लाकडाकडे निवृत्तीनंतर वळलो. लोखंडातून आलेल्या माणसाला एक गोष्ट लगेच दिसते, सुताराला जरा उशिरा दिसते. पेनाचा मध्य म्हणजे तुकड्याचा मध्य नव्हे. भोक जिथे आहे तिथे पेनाचा मध्य. मँड्रेल, म्हणजे पेन चढवायचा लेथचा दांडा, नळीतून जातो, लेथ नळीभोवती फिरवतो, बाहेरचा चौकोन तर सगळा भुसा होऊन खाली पडायचा आहे. तेव्हा भोक मध्यावर नाही म्हणून तुकडा गेला, असं होत नाही. नळीभोवती पुरेसं लाकूड उरलंय का, एवढंच बघायचं.

तुमचेच आकडे घेऊ. १९ चा तुकडा, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ९.५. पेनाचा पोटाचा व्यास १०.५ धरला तर आसापासून ५.२५ मिमी लाकूड लागतं. म्हणजे पोटापाशी भोक सव्वाचार मिमी सरकलं तरी पेन होतं. बुशापाशी, म्हणजे तोंडाशी माप दाखवणाऱ्या कड्यापाशी, बॅरल (पेनाचा लाकडी भाग) साधारण ८.४ ची असते, तिथे त्याहून जास्त मुभा.

आता पहिला तुकडा. त्या भोकात ७ ची सरळ सळई, नाहीतर बिटाचीच दांडी घालून बघा. मोकळी, न अडखळता पार गेली तर भोक तिरकं आहे पण सरळ आहे. अडकली तर भोक केळ्यासारखं वाकलंय. त्यावर पुढचं सगळं अवलंबून. कळवा.

सुगरण | रविवार, सकाळी ८:०२ (इकडे शनिवारची रात्र)

काकांशी सहमत. मी ओहायोत असते, इथल्या टर्नर क्लबात चार वर्षं पेनंच करतेय. इकडे या छंदाचं पीक अमाप, १९८६ पासून वुडटर्नर्सची देशभराची संघटना आहे, गावोगावी तिच्या शाखा. नवीन माणूस आला की पहिल्या महिन्यात तुमचे तिन्ही अपघात करतोच, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका.

शिवाय हिशोब तरी बघा. चार पेनं म्हणजे आठ अर्धे. कोऱ्या दोन तुकड्यांचे चार. बिघडलेल्या तिघांचे तीन चांगले अर्धे. सात झाले! एकच अर्धा वाचवला की चार पेनं पूर्ण. दोन वेगळ्या तुकड्यांचे अर्धे जोडले तर मधल्या कडीपाशी रेषा जुळणार नाहीत, हे खरं. पण जुन्या गडद लाकडात ते सहज दिसत नाही.

खटपट्या | रविवार, सकाळी ९:३०

टूलरूम काका, सळई मोकळी गेली. जराही अडकली नाही.

सुगरणताई, हिशोब पटला, पण शक्यतो एका पेनात एकाच तुकड्याचे दोन्ही अर्धे हवेत असं मनात आहे. वेडेपणा आहे, माहीत आहे.

टूलरूम | रविवार, सकाळी १०:१०

मग भोक भरकटलेलं नाही. तुम्ही तुकडाच तिरका पकडला होता.

बिट आपोआप भरकटतं तेव्हा वाक येतो. मऊ रेषेत शिरतं, कठीण रेषेला टेकून वळतं. इथे ६१ मिमीच्या उंचीत ७ मिमी सरकलंय आणि तेही सरळ रेषेत. ड्रिल स्टँडच्या खालची पाटी आणि बिट काटकोनात नाहीत, किंवा तुकड्याची खालची बाजू तिरकी कापलीय. चकमध्ये लांब सरळ सळई लावा आणि पाटीवर गुण्या उभा करून दोन बाजूंनी बघा. ओळंब्यात नसणार. बाकीच्या भोकांवर त्याचा परिणाम थोडा कमी दिसला एवढंच.

आता इलाज. तुमचा अर्धा ६१ चा, नळी ५३ ची. म्हणजे खालचे आठ मिमी तसेही कापायचे आहेत. कुशीतून बाहेर आलेला बहुतेक भाग त्यातच जातो, मिमीभर उघडं उरेल. मात्र त्या तोंडापाशी आसापासून कडेपर्यंत लाकूड फक्त ३.४ उरतंय आणि आपल्याला बुशापाशी ४.२ हवं. म्हणून त्या बाजूला ठिगळ. मुसळाचाच सहा मिमी जाड काप घ्या, रेषा त्याच दिशेने लावून पूर्ण लांबीभर चिकटवा. फक्त टोकाला इवलासा तुकडा चिकटवू नका, पूर्ण पट्टी लावली की जोड तिरका लांब सरकतो आणि रेषेत लपतो. दोन्ही पृष्ठं रंध्याने सपाट, थिनरने पुसलेली, गोंद दोन ट्यूबवाला, सावकाश वाळणारा इपॉक्सी. एक रात्र शिकंजात. वाळल्यावर तेच ७ चं बिट हाताने फिरवत आत घाला. वाट तयारच आहे, पट्टीत घुसलेला गोंद आणि मिमीभर लाकूड ते खाईल.

झटपट गोंद या कामाला नको. तो ठिसूळ असतो, हत्याराच्या ठोक्याला सुटतो.

आणखी एक. तिरक्या भोकाच्या तुकड्याची तोंडं भोकाला काटकोनात नसतात. नळी चिकटवल्यावर तोंड नळीला काटकोनात घासून घ्या, नाहीतर मधल्या कडीपाशी एका बाजूला नखभर फट राहील. नळीचं पितळ चमकायला लागलं की थांबायचं, पितळ खायचं नाही.

सुगरण | रविवार, सकाळी १०:४४

आमच्याकडे अशा वेळी भोकात त्याच लाकडाची खुंटी ठोकून चिकटवतात आणि नव्याने भोक पाडतात. पट्टीपेक्षा सोपं नाही का?

टूलरूम | रविवार, सकाळी ११:०५

भोक मिमी-दीड मिमी हललं असेल तर खुंटी उत्तम. इथे नाही. नवं भोक मध्यावर पाडलंत तर जुन्या भोकातली खुंटी तोंडापाशी आसापासून सहा मिमीवर उरते, म्हणजे पेनाच्या अंगावर चंद्रकोरीसारखी उगवणार. आणि शेजारी जुनं भोक असलं की बिट त्यातच घसरायला बघतं. बिटाला चालती वाट आवडते.

सुगरण | रविवार, सकाळी ११:०९

चंद्रकोरीचा मुद्दा मान्य. माझ्या पहिल्या वर्षाच्या अर्ध्या पेनांवर चंद्र आहेत.

भुसाभाऊ | रविवार, सकाळी ११:२०

पैठणीवर चालते चंद्रकोर, पेनावर का नको?

खटपट्या | रविवार, दुपारी १:१५

स्टँड तपासला. काका, गुण्या आणि सळईत खाली पाच-सहा मिमीची फट. स्टँडचा खांबच कलला होता, घेतल्यापासून मी कधी बघितलंच नव्हतं. लाज वाटली.

दुसऱ्या तुकड्याच्या ढलप्यांचं काय करू? त्या मी, खरं सांगायचं तर, झाडून कचऱ्यात टाकल्या.

भुसाभाऊ | रविवार, दुपारी १:१७

म्हणजे खरोखर मुसळ केरात!!!

टूलरूम | रविवार, दुपारी १:४०

कचरा गेलाय का घंटागाडीत?

खटपट्या | रविवार, दुपारी १:५२

नाही. गोणीत आहे. पण गोणीत सहा महिन्यांचा भुसा आहे.

चितारआळी | रविवार, दुपारी २:३०

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. मी सावंतवाडीचा. आमच्या चितार आळीत लाकडी फळं आणि खेळणी होतात ती तुम्ही बघितली असतील. माझा स्वतःचा लेथ लहान आहे, लाखेचं काम शिकतोय.

तोंडाची ढलपी उडाली तर माझं उत्तर लाख. काम लेथवर फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबायची. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडात बसते. चन्नपट्टणचे कारागीर याच पद्धतीने खेळणी रंगवतात, वर केवड्याचं पान धरून झिलई आणतात. तिथलं हाळे लाकूड म्हणजे आपला काळा कुडा. तुटलेल्या तोंडापाशी खाच करून तिच्यात काळी किंवा लाल लाख भरली तर कडी केल्यासारखी दिसेल, कुणाला कळणारही नाही की तिथे अपघात होता.

टूलरूम | रविवार, दुपारी ३:००

चितारआळी, कल्पना देखणी आहे, पण तोंडावर नको. बुशापाशी लाकडाची भिंत ७ दशांश मिमी. बॅरल ८.४, नळी ७, राहिलेल्याचं अर्धं. निब आणि कडी दाबून बसवताना सगळा जोर त्या काठावर येतो. लाख ठिसूळ, काठावर पापुद्रा उडेल.

चितारआळी | रविवार, दुपारी ३:२५

बरोबर. आमच्या कामात काठावर कोणी दाब देत नाही, हे माझ्या लक्षात नव्हतं आलं. मग तोंडापासून तीन-चार मिमी आत कडी करा, तिथे टिकेल. पण त्याने तुटलेलं तोंड झाकणार नाही, ते वेगळं.

सुगरण | रविवार, दुपारी ४:१०

ढलप्या सापडल्या तर सगळ्यात बरं. लाकूड जिथून तुटतं तिथे स्वतःच्या रेषेवर तुटतं, परत बसवलं तर जोड शोधूनही सापडत नाही. टूथपिकच्या टोकाने घट्ट झटपट गोंद लावायचा, ढलपी बसवायची, वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ओढून गुंडाळायची. इथे मात्र झटपट गोंद चालतो, कारण मागे नळीचा आधार येणार आहे. कापडाने पुसू नका, विशेषतः सुती. सुतावर हा गोंद सांडला की चटका बसेल इतका तापतो आणि धूर येतो. डोळ्यांची काळजी घ्या.

नाहीच सापडल्या तर त्याच लाकडाचा बारीक भुसा खाचेत दाबायचा, वर पातळ गोंदाचा थेंब, पुन्हा भुसा, पुन्हा थेंब. थरावर थर. गडद लाकडाला हे छान मिसळतं. फिकट लाकडात मात्र काळा डाग दिसतो. खायचा सोडा घालणारेही आहेत, दगडासारखं कडक होतं, पण गडद लाकडावर पांढरं उठून दिसतं आणि हत्याराची धार जाते.

खटपट्या | रविवार, रात्री ८:४०

मंडळी, आजचा अहवाल. गोणी ओसरीत उलटी केली. मी चाळणीने चाळत होतो, भुसा आणि ढलप्या दोन्ही वर राहत होत्या, त्यामुळे तासभर काही हाती लागेना. आई स्वयंपाकघरातून बघत होती. शेवटी ती सूप घेऊन आली आणि म्हणाली, सरक बाजूला.

बसली आणि पाखडायला लागली. हलका भुसा पुढे उडाला, जड ढलप्या सुपात मागे सरकल्या. दहा मिनिटांत सागवानाचे पिवळट तुकडे वेगळे आणि मुसळाचे तांबडे-काळे वेगळे. तीनपैकी दोन ढलप्या सापडल्या. तिसरी बहुधा बारीक होऊन गेली.

ही ढलपी आपल्या मुसळाचीच, हे तिने रंगावरून नाही, वजनावरून ओळखलं. तळहातावर उडवून बघितली.

टूलरूम | रविवार, रात्री ८:५५

तुमच्या आईंना आमचा नमस्कार सांगा. तीस वर्षांत इतकं चांगलं सॉर्टिंग बघितलं नाही.

दोन ढलप्या चिकटवा, तिसरीच्या जागी ताई म्हणतात तसा भुसा आणि गोंद. नळी चिकटवल्यानंतरच ही डागडुजी करा, म्हणजे मागे आधार मिळेल आणि गोंद भोकात उतरून नळीची वाट अडवणार नाही.

आता तिसरा. नळी अडकलेला. तो तर मी बिघडलेला धरतच नाही. बाहेर आलेले २२ मिमी तुकड्याच्या तोंडाशी बारीक दातांच्या करवतीने सपाट कापा. कापलेला तुकडा हातात आला? तो दुसऱ्या बाजूने आत चिकटवा. नळी अखंड असायची गरज नाही. कामाची फक्त दोन टोकं, जिथे निब, रिफिल सरकवणारा मेकॅनिझम, क्लिप दाबून बसतात. मधे करवतीच्या जाडीएवढी मिमीभर फट राहिली तर कुणाच्या बापाला कळत नाही. कारखान्यात घासलेलं टोक बाहेरच्या बाजूला ठेवा, कापलेलं आत. पहिल्या भागाचं कापलेलं टोक मात्र तोंडाशीच राहणार, त्याची आतली धार गोल बारीक कानशीने काढा, नाहीतर बसवताना निब वाकडी शिरेल.

दोन्ही भाग एका रेषेत यायला मँड्रेलवर मेण चोळून तो दोन्हीतून घाला आणि मग गोंद वाळू द्या. मेण चोळायला विसरलात तर मँड्रेलसकट पेन भेट द्यावं लागेल.

सुगरण | रविवार, रात्री ९:२०

वा! मी अशा वेळी सोल्डरिंग आयर्न नळीत घालून गोंद तापवून नळी बाहेर काढत होते. एकदा जमलं, एकदा लाकूडच तडकलं. जुन्या कोरड्या लाकडाला तर नकोच. काकांची युक्ती वहीत लिहून घेतली.

पुढच्या वेळी नळी अडकू नये म्हणून: नळीला आधी काचपेपर मारून ती खरखरीत करा. तिचं एक तोंड कच्च्या बटाट्याच्या कापात दाबून बूच बसवा, म्हणजे गोंद नळीत शिरत नाही. नळीला गोंद लावून ती फिरवत आत सारा. सावकाश वाळणारा इपॉक्सी घेतला की घाई राहत नाही. आणि गोंदाआधी नळी कोरडी घालून बघा. ढकलावी लागली तर भोक अजून साफ झालेलं नाही, आत भुसा आहे.

वाकडीवाट | रविवार, रात्री ९:४५

बटाटा?! मला वाटलं हा लाकडाचा धागा आहे.

(तरी वाचतोय. पुढे लिहा.)

खटपट्या | मंगळवार, रात्री ११:१०

तिसरा झाला! नळी कापली, धार काढली, मेण चोळलं (दोनदा), उरलेला तुकडा मागून घातला. आज लेथवर चढवला तर एका फटक्यात फिरायला लागला. कुठे जोड आहे ते मलाच सांगता येत नाही.

दुसऱ्याच्या ढलप्या बसल्या. तिसऱ्या ढलपीच्या जागी भुशाचे पाच थर. तुम्ही सांगितलंत म्हणून मुद्दाम शोधलं तर दिसतं, एरवी नाही.

आता कोऱ्या दोघांबद्दल विचारतो. स्टँड सरळ केला, खांबाखाली पत्र्याची पाचर घातली. अजून काय?

टूलरूम | बुधवार, सकाळी ६:१५

पाचर घातलीत म्हणजे तात्पुरतं झालं. पण होईल.

तुमच्या लेथच्या टेलस्टॉकला, म्हणजे सरकत्या टोकाला, ड्रिल चक बसत असेल तर स्टँड सोडूनच द्या. तुकडा लेथच्या चकमध्ये फिरतो, बिट स्थिर राहतं, त्यामुळे भोक मध्यावरून हलायला फारसा वाव राहत नाही. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवीला असे चक मिळतात. येताना टेलस्टॉकचा टेपर, म्हणजे त्याच्या निमुळत्या भोकाचं माप, किती आहे ते लिहून न्या, दुकानात जाऊन आठवत बसू नका.

ते नसेल तर स्टँडवरच. तुकडा हातात धरायचा नाही, कधीच नाही. बिट अडकलं की तुकडा पंख्यासारखा फिरतो आणि बोटं जातात. शिकंजा पाटीला घट्ट आवळा.

भोक मधल्या कापाच्या बाजूने सुरू करा, म्हणजे अर्धे जिथे एकमेकांना भिडणार त्या तोंडाकडून. दोन्ही भोकं एकाच बिंदूपासून निघतात, पुढे जाऊन थोडी हलली तरी मधल्या कडीपाशी रेषा जुळून येतात. तुमच्या मनातला तो वेडेपणा असा जपता येतो.

टोच्याने खूण, मग आखूड जाड सेंटर बिटाने चार-पाच मिमी, मग ७ चं. लांब बिट सुरुवातीला लवतं, म्हणून आधी आखूड. नवं बिट घ्या. वेग पाचशे-सहाशे फेरे, त्याहून नको. दर आठ-दहा मिमीला बिट पूर्ण बाहेर काढून भुसा झाडा. खैर असो की बाभूळ, इतक्या घट्ट लाकडात भुसा खाचेत गच्च बसतो, मग बिट तापतं आणि लाकडाला चीर जाते. बिटाला हात लावून बघा, बोट ठेववत नसेल तर चहा पिऊन या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पार जाऊ नका. अर्धा नळीपेक्षा आठ-दहा मिमी लांब ठेवलाच आहे. बिट तळापासून चार-पाच मिमी अलीकडे थांबवा आणि ते बंद टोक करवतीने कापून टाका. भोक आपोआप उघडतं. बिट पार व्हायचा प्रसंगच येत नाही, मग ढलप्या उडतीलच कशा?

मास्क लावा. जुन्या कठीण लाकडाची धूळ छातीला चांगली नाही.

चितारआळी | बुधवार, सकाळी ७:४०

बंद टोक कापायची युक्ती मला आज कळली. मी खाली भंगार लाकडाची फळी घट्ट दाबून ठेवत होतो, त्यानेही ढलप्या कमी उडतात, पण पूर्ण थांबत नाहीत.

सुगरण | बुधवार, संध्याकाळी ६:३०

आणि एखादं भोक तरीही मोठं झालं, नळी आत खुळखुळायला लागली, तर घाबरू नका. बिट थरथरलं की असं होतं. जाड इपॉक्सी फट भरतो. फारच सैल असेल तर ७ चा नाद सोडून तो तुकडा १० मिमी नळीच्या जाड किटसाठी, सिगार म्हणतात त्याला, वापरायचा. पण बिट जुन्या भोकामागेच जातं हे काकांनी सांगितलंच आहे, त्यामुळे सैल भोक सरळ असेल तरच.

खटपट्या | शुक्रवार, रात्री १०:०५

चौथ्या तुकड्याचे दोन्ही अर्धे पाडले. पार न जाता थांबलो, टोक कापलं, आत गोल गुळगुळीत भोक. खाली बसून पाच मिनिटं नुसतं त्यातून दिव्याकडे बघत होतो.

पेन तयार झालं. मेकॅनिझम बसवताना थोडा जास्त दाबला गेला, रिफिल निबमधून जरा जास्तच बाहेर येते.

टूलरूम | शनिवार, सकाळी ६:३०

मेकॅनिझम थोडा मागे ओढून बघा, मऊ जबड्याच्या पक्कडीने, फिरवत. नाही निघाला तर रबर लावून धरा, पण जोर करून पितळ चेपू नका. पुढच्या वेळी रिफिल घालून, थोडा थोडा दाबत, दर वेळी टोक बघत जा. एका दमात दाबायची वस्तू नाही ती.

पहिल्या तुकड्याचं, ठिगळाचं, काय झालं? तुम्ही त्याबद्दल गप्प आहात.

खटपट्या | शनिवार, रात्री ९:१५

सांगणारच होतो.

पट्टी लावली. रंध्याने सपाट केली, रेषाही जुळवली. बिट हाताने फिरवलं, नळी छान बसली. जोड जवळजवळ दिसत नव्हता. आज लेथवर चढवला, गोल करत आणला. अकरा मिमीपर्यंत आलो होतो. मग गाउज, म्हणजे गोल धारेचं हत्यार, जरा तिरका लागला, टक्‌ असा आवाज झाला आणि पट्टी गेली. निम्मी जागेवर, निम्मी हवेत.

टूलरूम | शनिवार, रात्री ९:२२

गोंद कोणता होता?

खटपट्या | शनिवार, रात्री ९:३१

झटपट.

इपॉक्सी संपला होता. दुकान बंद होतं. वाटलं एवढ्याने काय होतंय.

भुसाभाऊ | शनिवार, रात्री ९:३३

काका, श्वास घ्या.

टूलरूम | शनिवार, रात्री ९:५०

घेतला.

नळी जागेवर आहे, अर्धी पट्टी जागेवर आहे. म्हणजे नुकसान फक्त उडालेल्या भागाचं. तो तुकडा सापडला तर त्याच्याच रेषेवर परत बसेल, या वेळी इपॉक्सीने, आणि अकरापासून साडेदहापर्यंत फक्त अर्धा मिमी घालवायचाय. तो गाउजने नाही, काचपेपरने घालवा.

लेथच्या मागे बघा, भिंतीपाशी. सापडली का?

खटपट्या | शनिवार, रात्री १०:०८

लेथच्या मागे भुशाचा डोंगर आहे. आई सूप घेऊन बसलीय.